दाढेतली वर्षं

तपासणीसाठी दाढ काढून द्यायला मैथिलीला काहीच वाटलं नव्हतं. भावाला मूत्रपिंड द्यायला निघालेली बाई एका दाढेसाठी काय कुरकुरणार? मिरजेच्या इस्पितळातल्या दंतवैद्यानं खालची उपदाढ काढली, त्याच बैठकीत तिथं नवी बसवली आणि जुनी एका काचेच्या नळीत घालून तिच्यादेखत मोहोरबंद केली.

"जपून हो," ती हसत म्हणाली, "चौतीस वर्षं देवाचा प्रसाद चावलाय तिनं."

दंतवैद्यही हसला. त्याच्या आजीच्या गावात ताईंचं कीर्तन झालं होतं, असं त्यानं आवर्जून सांगितलं आणि जाताना वाकून पाया पडला.

मैथिलीताई टाकळीकर हे कीर्तनातलं मोठं नाव होतं. तेराव्या वर्षी ती गादीवर उभी राहिली आणि आज पंचेचाळिसाव्या वर्षीही उभीच होती. आख्यान रंगात आलं की म्हातारी माणसं पदर, उपरणं डोळ्यांना लावायची, पोरंटोरं जागची हलायची नाहीत. आणि तिच्या डाव्या हाताला पेटीवर पहिल्या दिवसापासून एकच माणूस बसलेला असायचा. तो तिचा थोरला भाऊ, श्रीरंग. आई गेली तेव्हा मैथिली अकराची होती, श्रीरंग सतराचा. वडील टाकळीकरबुवा, घरातले अण्णा, वर्षातले आठ महिने गावोगाव फिरत असायचे. घरी असले तरी डोकं पोथीत. मैथिलीच्या वेण्या घालण्यापासून तिच्या वह्यांना कव्हरं घालण्यापर्यंत सगळं श्रीरंगनं केलं. त्यानं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, पेटी फार संशयी आहे, दुसरी बाई घरात येऊ देत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. तोवर पोटात बसवायचं कृत्रिम मूत्रपिंड सर्रास मिळू लागलं होतं. पण श्रीरंगच्या रक्ताचं त्याच्याशी जमेना. दोनदा बसवलं, दोनदा आत गुठळ्या झाल्या. आता उरला तो जुनाच मार्ग, जिवंत माणसाचं मूत्रपिंड. बहिणीचं रक्त जुळलं, पेशी जुळल्या, सगळं जुळलं. डॉक्टर म्हणाले, इतकं जुळलेलं आम्ही क्वचित पाहतो. मैथिली म्हणाली, एवढी वर्षं एका सुरात काढली आहेत, जुळेल नाहीतर काय.

हे रक्त जुळल्यापासून तिनं एकटीनं एक लढाई लढली होती. ती कुणालाच माहीत नाही, अशी तिची समजूत होती.

मैथिली गोळ्या घ्यायची. गर्दुल्यांच्या नव्हेत, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, रुपेरी पाकिटातल्या, शहाण्यासुरत्या गोळ्या. कीर्तनाआधी जीव स्थिर करायला एक, कीर्तनानंतर झोप यावी म्हणून एक, आणि चार-चार तास उभं राहून कंबर धरली की वेदनेवरची एक. पुढे एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मिळवायलाही तिला कष्ट पडले नाहीत. ज्या गावी कीर्तन, त्या गावी एखादा डॉक्टर श्रोत्यांत असायचाच. संपल्यावर तो पाया पडायला यायचा, आणि पाया पडलेला माणूस प्रश्न विचारत नाही. ताईंनी नाव सांगायचं, त्यानं लिहून द्यायचं. पुढे सगळ्या चिठ्ठ्या सरकारी नोंदीत जाऊ लागल्या, तेव्हा हेच भाविक डॉक्टर आपल्या आईच्या, सासूच्या नावावर लिहून देऊ लागले. ताईंची सेवा घडते आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

भावाचं रक्त जुळतंय असं कळलं त्या दिवशी तिनं सगळं बंद केलं. पहिले दोन महिने अंगावरची कातडी कुणी उलटी करून घातल्यासारखी झाली होती. कीर्तनं घशाच्या आजाराच्या नावाखाली रद्द केली. देवापुढे बसून ती थरथरत नाम घ्यायची, नाम घेत थरथरायची. पण निभावलं. आठ महिन्यांनी रक्ताची तपासणी झाली, लघवीची झाली, केसांची झाली. सगळं निर्मळ. ती मनोभावे रडली. झालं गेलं वाहून गेलं, असं तिला वाटलं.

दाढेचं तिला माहीत नव्हतं.

डॉ. रेहाना जमादार या प्रत्यारोपणाच्या समितीवर होत्या. त्यांनी मैथिलीला बोलावून घेतलं, दार लावलं आणि टेबलावरची पाटी तिच्याकडे वळवली. कागद जाऊन हातात या पातळ पाट्या आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली होती. पाटीवर एका कापाचं मोठं केलेलं चित्र होतं. खोडाच्या कापासारखं, वलयामागे वलय.

"ताई, ही तुमची उपदाढ."

मग त्यांनी समजावून सांगितलं, न घाई करता. रक्त चार दिवसांत धुऊन निघतं. केस वाढतो, आपण तो कापतो. हाडसुद्धा शरीर सतत खरवडून नवं करत असतं. पण दाताच्या मुळावर एक पातळ लेप असतो, तो शरीर कधी खरवडत नाही. मूळ पुरं झालं की त्यावर दर वर्षी एक थर चढतो, अर्धा फिकट, अर्धा गडद, एकेक सहामाहीचा. थर चढताना रक्तात जे काही फिरत असेल त्याचा अंश त्यात अडकतो आणि तिथंच राहतो, मरेपर्यंत. हे थर डोळ्यांना दिसायचे ते जुनंच होतं. नवं यंत्र प्रकाशाच्या धारेनं एकेक थर तासतं आणि त्यातला एकेक रेणू तोलतं. माणूस विसरला असेल, लपवत असेल, खोटं बोलत असेल, दाताला त्यातलं काही करता येत नाही.

"हजारो दात वाचले गेले, तेव्हा तीन वाटा दिसल्या," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेकांच्या दातात कोवळ्या वयात एक-दोन डाग असतात, मग स्वच्छ. काहींच्यात उतारवयात डाग येतात. आणि थोड्यांच्यात कोवळ्या वयात सुरू झालेला डाग चाळिशी ओलांडली तरी तुटत नाही. एकाची जागा दुसरं औषध घेतं, पण साखळी तीच. ही तिसरी वाट. यांची मूत्रपिंडं तपासणीत धड दिसतात, पण आतून थकलेली असतात. आणि शस्त्रक्रियेनंतर वेदनेची औषधं दिली की ही माणसं पुन्हा मूळ पदावर जातात."

मैथिली त्या वलयांकडे पाहत राहिली. पिवळे, तांबडे, जांभळे ठिपके. शेवटचा थर तेवढा कोरा होता. तिच्या आठ महिन्यांचा.

तिसऱ्या वाटेच्या माणसाचा अवयव घेत नाहीत. पण एक सवलत होती. घेणाऱ्यानं दातातला सगळा लेख स्वतः वाचला आणि कॅमेऱ्यासमोर शुद्धीत राहून संमती दिली, तर समिती परवानगी देऊ शकते. वीस वर्षांऐवजी सातआठच मिळतील, पण मिळतील. मुदत दहा दिवसांची. पुढे श्रीरंगचं हृदय शस्त्रक्रियेचा ताण सोसणार नाही.

तिनं मान हलवली. लाज वाटत होती, पण लाजेनं कुणी मरत नाही. उठता उठता तिचं लक्ष सगळ्यात आतल्या वलयाकडे गेलं आणि ती म्हणाली की यंत्राची एक चूक झाली आहे. पहिला डाग तेराव्या वर्षाचा दाखवलाय. आपण पहिली गोळी वडिलांच्या डबीतून चोरली ती सोळाव्या वर्षी, दहावीच्या सुट्टीत. तो दिवस ती विसरणं शक्य नव्हतं.

डॉ. रेहानांनी चित्र मोठं केलं. तेरा, चौदा, पंधरा. डाग बारीक होता पण ठसठशीत, आणि दर वर्षी एकाच सहामाहीत. माघापासून पुढे, उत्सवांच्या दिवसांत.

"चूक नाही, ताई," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही घेतली नसेल. कुणीतरी दिली असेल."

श्रीरंग दुपारी रक्त धुण्याच्या यंत्रावरून उतरला की तासभर बरा असायचा. मैथिली त्या वेळी गेली. येताना वाटेत तिनं सगळं शब्दांत बसवलं होतं, हजारो माणसांपुढे उभी राहणारी बाई ती. पण पाटी त्याच्या हातात देऊन ती नुसती खिडकीपाशी उभी राहिली. त्यानं चष्मा लावला. तिला वाटलं, तो मधल्या जांभळ्या वर्षांवर थांबेल, दचकेल, रागावेल. तो पहिल्या तीन वलयांवरच थांबला. मग त्यानं चष्मा काढून चादरीवर ठेवला.

"यंत्र खोटं बोलतंय ना रे दादा? हे तेरावं वर्ष कुठून आलं?"

"यंत्र बरोबर आहे," श्रीरंग म्हणाला.

मग त्यानं सांगितलं, भिंतीकडे बघत. रामनवमीला तिचं पहिलं मोठं कीर्तन होतं. त्याआधी पंधरा दिवस सरावाला म्हणून बुवांनी तिला एका लहानशा देवळात उभं केलं. हात असे कापले की झांजा आपसूक वाजू लागल्या. बायका हसल्या. बुवा घरी आले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. छाती धडधडते म्हणून त्यांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्यातल्या एकीचा तुकडा त्यांनी श्रीरंगच्या तळहातावर ठेवला. गाण्याआधी मैथिलीला ज्येष्ठमध आणि मधाचं चाटण द्यायची त्या घराची रीत होती. आधी आई द्यायची, मग श्रीरंग. चाटण देवापुढे ठेवायचं, मग बोटानं तिच्या जिभेवर लावायचं. तिनं डोळे मिटून घ्यायचं, काही विचारायचं नाही. प्रसादाची चौकशी करत नाहीत. बुवा म्हणाले, यात घाल, आणि तिला सांगू नकोस, सांगितलंस तर गुण येणार नाही.

"त्या दिवशी तू उभी राहिलीस, मैथू, आणि पान हलेना. अण्णा रडले. मीही रडलो. मला वाटलं, गोळी निमित्त, करणारा तो. खरंच वाटलं मला तसं."

तीन वर्षं दर उत्सवात त्यानं ते केलं. मग डबीतल्या गोळ्या लवकर संपू लागल्या आणि त्याच्या लक्षात आलं. तो बुवांना सांगायला गेला. बुवा म्हणाले, तिची तिला कळली ना वाट, बरं झालं, आता तू त्यातून मोकळा.

मैथिली उभी होती ती खाली बसली. गेली बत्तीस वर्षं, पूर्वरंगाला आरंभ करण्याआधी, ती श्रोत्यांना एकच गोष्ट सांगत आली होती. लहानपणी माझे हात कापायचे. या गादीवर पाय ठेवला आणि थांबले. ही कृपा आहे, मंडळी, हिला प्रमाण मागू नका. गोळ्या घेत असतानाही ही एक गोष्ट खरी होती. बाकी सगळं लटकं असेल, पण तो पहिला दिवस देवाचा होता. त्याच्यावर तिनं उरलेलं सगळं तोलून धरलं होतं. आता तिनं हात पुढे केला तर धरायला काही नव्हतं.

यंत्राचा पंखा फिरत होता.

"आणि एकतिसाव्या वर्षी?" तिनं विचारलं.

एकतिसाव्या वर्षी तिचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, काही घेता का, कसली गोळी, कसलं औषध. ती म्हणाली होती, फक्त लोहाच्या गोळ्या. वर्षभरात नवराही सोडून गेला, न भांडता, कंटाळून.

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"ते मला विचारत होते तेव्हा तू खोलीतच होतास."

"हो," तो म्हणाला. "डबा घेऊन आलो होतो. वरणभात होता."

ती उठली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मात्र ती आली. संमतीपत्र पाटीवर उघडून तिनं त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, कॅमेरा लावायला मुलगी येतेय, तू फक्त वाचलं म्हण आणि अंगठा लाव. श्रीरंगनं पाटी बाजूला ठेवली. त्याचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

"त्या बोटानं तुला भरवलं आणि आता त्याच बोटानं तुझा अवयव मागून घेऊ? ती चोरी होईल ग. माफ केलंस असं म्हण. मग लावतो."

एवढंच. एक वाक्य. तिच्या उत्तररंगांत तर क्षमेशिवाय दुसरं काय असायचं! केवढ्या दुष्टांना, केवढ्या घातक्यांना तिनं हजारो लोकांसमोर मोकळ्या कंठानं तारलं होतं. आणि हा तर दादा. वेण्या घालणारा, परक्या गावात उंबऱ्याशी झोपणारा, तिच्या कोरड पडलेल्या घशाला तिच्याआधी ओळखणारा. तिला तो जगायला हवा होता. त्याच्याशिवाय गादीवर उभं राहायचं कसं, हेही तिला कळत नव्हतं.

"माफ केलं, दादा."

श्रीरंगनं डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली, नाही म्हणून. रागानं नव्हे. बत्तीस वर्षं त्यानं तिच्या आवाजाला पेटीवर साथ दिली होती. कुठं श्वास तुटतो, कुठं अर्थ नसताना नुसता शब्द येतो, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"अजून नाही," तो म्हणाला.

ती रोज आली. रोज म्हटलं. कधी त्याच्या पायाशी बसून, कधी चिडून. एकदा तर म्हणाली की मरायचंच असेल तर सरळ मर, मला कशाला कारण करतोस. त्यावर तो थोडा हसला आणि हे मात्र सुरात आलं म्हणाला. डॉ. रेहानांनीही त्याला समजावलं, कायद्यात माफीचा रकाना नाही असं सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुमचं यंत्र दात वाचतं, मला हिचा गळा वाचता येतो. दोन्हींत खोटं चालत नाही.

घरी मैथिली देवापुढे बसायची. मागायची काय, तर क्षमा. आपल्यासाठी नाही, दुसऱ्याला देता यावी म्हणून. पूर्वी नाम घेताना आतून एक ऊब चढायची. आता प्रत्येक वेळी तिच्या मनात येई, ही ऊब कशाची होती? कुणी भरवली होती? आणि नाम तोंडात वाळून जायचं.

मुदत सोमवारी संपत होती. रविवारी ती आली ती ताठ चालत. जरीकाठी साडी, कपाळाला बुक्का. खोलीत शिरली, श्रीरंगचा हात हातात घेतला आणि बोलली. नुसतं माफ केलं म्हणाली नाही. त्यानं तिच्यासाठी काय काय केलं ते सांगितलं, तो पोरवयाचाच होता हे सांगितलं, वडिलांपुढे कुणाचं चालत नव्हतं हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की तुझ्यावर माझं काही उरलं नाही दादा, तू मोकळा आहेस. आवाज असा लागला होता की दाराशी उभी असलेली परिचारिका डोळे पुसू लागली. कॅमेऱ्यावाली मुलगी पाटी घेऊन पुढे आली.

श्रीरंग मैथिलीच्या डोळ्यांत पाहत होता. बाहुल्यांकडे, पापण्यांच्या संथ उघडझापीकडे. त्याचा चेहरा हळूहळू विस्कटत गेला.

"घेऊन आलीस," तो म्हणाला.

मैथिलीनं नाकारलं नाही. त्या सकाळी सांगलीच्या एका डॉक्टरकडे ती गेली होती. तो वाकून पाया पडला होता. आठ महिने संपायला एक घोट पाणी पुरलं.

श्रीरंगनं तिचा हात सोडला नाही. पण अंगठाही लावला नाही. तो रडत राहिला, वयस्क माणूस रडतो तसा, आवाज न करता. आणि मैथिलीला रडू येत नव्हतं. गोळी अजून अंगात होती.

सोमवारी दुपारी ती पुन्हा आली. समितीचं कामकाज पाचला संपणार होतं. तिचं अंग दुखत होतं, ओठ सुकले होते, आणि पर्समध्ये पाकीट होतं. ती त्याच्या पायाशी बसली. बोलायला तोंड उघडलं, तसा श्रीरंगनं हात वर केला.

"आज नको म्हणूस," तो म्हणाला. "नुसती बस."

ती बसली. त्याचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन दाबत बसली. तो मधूनमधून काहीबाही बोलत होता. पेटीचा भाता फाटलाय, तासगावच्या कारागिराकडे दे म्हणाला. हरकाम्या सुतारांच्या नादी लागू नकोस म्हणाला. तिनं बरं म्हटलं. चार वाजले. साडेचारला डॉ. रेहाना दारातून डोकावल्या, दोघांकडे पाहिलं आणि निघून गेल्या. व्हरांड्यात कुणीतरी चहाचे पेले गोळा करत होतं.

पाच वाजले.

श्रीरंगनं डोळे मिटले. मैथिली त्याचे पाय दाबत राहिली. आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या छातीवरचं काहीतरी उतरलं आहे, आपण मोकळा श्वास घेतो आहोत. आता ते वाक्य म्हणावं लागणार नव्हतं. भाऊ समोर जिवंत होता, त्याचे दिवस ठरले होते, आणि तिला बरं वाटत होतं. तिनं अंगात चाचपून पाहिलं. सकाळपासून तिनं काहीच घेतलं नव्हतं.